हसवून विकलेले सहाशे टायमर

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, टपाल खात्यातून निवृत्त झालेले आमचे पोस्टमास्तर साहेब. कुकरच्या रिंगा बनवणारे कारखानदार आणि आजचे प्रमुख पाहुणे. आमच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक, जे नात्याने माझे धाकटे दीर लागतात. अकरा वर्षं कागदावरची माझी पत्रं कॉम्प्युटरवर उतरवून उतरवून जिच्या चष्म्याचा नंबर वाढला ती आमची कॉम्प्युटरबाई. काउंटरवरची, गोदामातली, पॅकिंगची सगळी मंडळी. भिंतीला टेकून उभे असलेले आमचे घरचे. आणि पत्त्यावरून दुकान शोधत शोधत इथवर आलेल्या ग्राहक भगिनी आणि बंधूंनो, सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

बोलण्याआधी मिळालेल्या मालाची पोच देते. सवय आहे, जात नाही. आज मला इथे मिळालं ते असं. फुलांचा एक गुच्छ, किंमत अंदाजे एका मध्यम पातेल्याइतकी, टिकणार परवापर्यंत. भिंतीवरचं एक घड्याळ, किंमत तीन लिटरच्या कुकरइतकी. ते हातात आल्यावर मी दीरांना हळूच विचारलं, "भाऊजी, घाऊक भावात पडलं ना?" ते म्हणाले, "वहिनी, आज तरी गप्प बसा." म्हणजे किरकोळीत घेतलेलं दिसतंय. एक शाईचं पेन, आता लिहिणं बंद करायच्या दिवशी. आणि एक मानपत्र, काचेच्या चौकटीत. चौकट मी ओळखली. गेल्या वर्षी न खपलेल्या मालातली आहे. तिच्यासाठी मी जाहिरातीची दोन पत्रं लिहिली होती, तरी हलली नाही. आज शेवटी तिला गिऱ्हाईक मिळालं, याचं मला समाधान आहे.

या चौकटीतल्या मजकुराशी माझं थोडं भांडण आहे. ते मी मांडणार आहे. मोठ्या जाऊबाई आज इथे नाहीत. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. निमंत्रण गेलं होतं, पोचल्याचंही कळलं, त्या आल्या नाहीत. त्यांच्यासंबंधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे घड्याळ मी घरी नेणार नाही. मात्र ती गोष्ट समजायला आधी थोडं मागे जावं लागेल. अध्यक्ष महाराज, आपली साडेसहाची बस आहे हे मला ठाऊक आहे. ती चुकू देणार नाही.

मी मॅट्रिक. तेही दुसऱ्या खेपेला. जाहिरातीचं शिक्षण काही नाही. जन्म गेला घर, प्रार्थना आणि वह्या यांत. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी माझं अक्षर बघून दुकानाची बिलं लिहायला दिली, ती आजतागायत लिहिते आहे. अकरा वर्षांपूर्वी भाऊजींनी ठरवलं, दुकान आता ई-मेलवर न्यायचं. चार हजार ग्राहकांची यादी केली. एका जाहिरातवाल्याला नेमलं. तो दर पंधरवड्याला पत्र लिहून द्यायचा. सुरुवात ठरलेली असायची, "अप्रतिम दर्जा! अविश्वसनीय किमती!" त्याच्या बिलात उद्गारचिन्हांचे वेगळे पैसे लावतो की काय, अशी मला शंका होती.

एकदा मी त्याचं बिल चढवत होते. शेजारी कॉम्प्युटरबाई बसली होती. तिने सहज पडद्यावर दाखवलं. चार हजार पत्रं गेली, उघडली चौसष्ट लोकांनी. मी म्हटलं, "हे कसं कळतं तुला?" ती म्हणाली, "यंत्राला कळतं. कोणी उघडलं, किती वाजता उघडलं, परत उघडलं का, सगळं." मला तर ते दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावल्यासारखं वाटलं. पण एकदा डोकावल्यावर नजर काढवेना, हेही खरं.

मी भाऊजींना म्हटलं, "हे पत्र मी घरात मोठ्याने वाचलं तर घरचेसुद्धा उठून जातील."

"मग तुम्ही लिहा," ते म्हणाले. चिडूनच म्हणाले होते. घाऊक व्यापाऱ्याच्या फोनवर होते, एका कानाने ऐकत होते. पण मी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, मागची कोरी बाजू वर केली आणि लिहायला बसले.

पहिलं पत्र झाकणाचं. ज्यांनी वाचलं असेल त्यांनी क्षमा करावी. दुसऱ्या एका दुकानात मला स्वस्तात एक झाकण मिळालं होतं. स्वस्त म्हणून घेतलं. घरी आणलं तर ते एकाही पातेल्याला बसेना. टाकवेना, कारण पैसे दिलेले. परत करवेना, कारण स्वतःच्या दिराचं भांड्यांचं दुकान असताना मी परक्या दुकानात गेले होते हे उघड झालं असतं. तेव्हा तीन वर्षं मी त्या झाकणासाठी स्थळ शोधत होते. कोणाकडे गेले की आधी स्वयंपाकघरात जायचे, त्यांच्या पातेल्यांकडे बघायचे. लोकांना वाटायचं, बाई किती कामसू, उठून मदतीला येते. हे सगळं मी लिहिलं आणि वर विषयाची ओळ दिली, "माझ्याकडे झाकण आहे, पातेलं नाही."

त्या पत्राला उत्तरं आली तीनशेच्या वर. प्रत्येकीच्या घरी असं एक झाकण होतं! एका बाईंनी तर झाकणाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "वय नऊ वर्षं, घरकामात हुशार." झाकणं किती खपली ते सांगत नाही. भाऊजींनी जाहिरातवाल्याला नमस्कार केला आणि मला कॅलेंडरची जुनी पानं जपून ठेवायला सांगितली.

मग मी लिहीतच गेले. गाळणीचं पत्र, मूठ पोळते त्या तव्याचं पत्र, कुकरच्या रिंगेचं पत्र. प्रमुख पाहुण्यांना ते आठवत असेल. मी रिंग उलटी बसवून शिट्टीची वाट बघत पाऊण तास बसले होते, आणि आमचे हे बाहेरून ओरडत होते, "अगं, तांदूळ पेरलेस का?" चूक नेहमी माझी असायची. हसं नेहमी माझं व्हायचं. माल मात्र शेवटच्या तीन ओळींत. आधी वाचणारीला हसू यावं, मग किंमत. किंमत आधी सांगितली तर माणूस पाकिटाकडे बघतो. तोंड गंभीर होतं आणि मग त्याला हसवणं कठीण.

चुका झाल्याच. एकदा एका गृहस्थांनी तक्रार लिहिली की, नव्या कुकरची मूठ तिसऱ्या दिवशी तुटली. मी उत्साहाच्या भरात उत्तरातही विनोद केला. लिहिलं, "कुकरने आपला हात सोडला याचं आम्हाला वाईट वाटतं." दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ एका हातात कुकर आणि दुसऱ्या हातात मूठ घेऊन दुकानात उभे राहिले. म्हणाले, "बाई, मला हसायचं नाहीये. मला मूठ हवीये." तेव्हापासून तक्रारीच्या उत्तरात विनोद बंद. आणि एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. अकरा वर्षं माझ्या प्रत्येक पत्राला त्यांचं एका ओळीचं उत्तर येतं, "हसलो. घेणार नाही." ते आज आलेत, त्या खांबापाशी बसलेत. त्यांनी आजवर आमच्याकडून एक चमचा घेतलेला नाही. मास्तर, आज चहाचा कप तरी घ्या. फुकट आहे.

आता अक्कांकडे येते.

अक्का आमच्या थोरल्या भाऊजींच्या पत्नी. ते लवकर गेले. अक्का आमच्यातच राहिल्या. मी या घरात आले तेव्हा मला साधा चहा नीट जमत नव्हता. पहिला चहा सासऱ्यांनी तोंडाला लावला आणि कप खाली ठेवला. अक्का म्हणाल्या, "मामंजी, आज चहा मी केलाय, डोकं दुखत होतं, साखर विसरले." अशा होत्या त्या. मला वाटलं, आता आत जाऊन मला झापतील. आत येऊन म्हणाल्या, "साखर डावीकडच्या डब्यात असते. उजवीकडच्या डब्यात मीठ. तुझा चहा कोणत्या डब्यातला होता ते मला कळलंय." बस्स, एवढंच.

रोज पहाटे आम्ही दोघी प्रार्थनेला बसायचो. जपमाळ घेऊन, एक तास. नंतर आठवड्यातून एकदा गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमायला लागल्या. अक्कांचा आवाज गोड, त्या भजनं सांगायच्या. मी पुढे बसून दोन शब्द बोलायचे. बोलायची हौस मला कधी कमी पडलेली नाही, ते आपण आत्ताही अनुभवत आहातच.

त्या सुमारास भाऊजींनी सहाशे टायमर उचलले. स्वयंपाकघरातले, किल्ली फिरवायचे, वेळ झाली की खणखणणारे. कोणी तरी गळ्यात मारले होते. सहा महिने गोदामात पडून होते, त्यांत पैसे अडकलेले, घरात रोज त्यांचाच विषय. भाऊजी म्हणाले, "वहिनी, यांच्यावर काहीतरी असं लिहा की लोक हसून हसून मागवतील." मी म्हटलं, आधी वापरून बघते. न वापरता मी कधी लिहिलं नाही, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. बाकीच्या प्रामाणिकपणाचं पुढे येईलच.

तर दुसऱ्या दिवशी पहाटे मी टायमर घेऊन प्रार्थनेला बसले. म्हटलं, वीस मिनिटं लावू आणि वीस मिनिटांत किती माळा होतात बघू. तेवढाच हिशोब. किल्ली फिरवली, मांडीवर ठेवला, डोळे मिटले. आणि मंडळी, माझा डोळा लागला. नुसता लागला नाही, मी घोरले. ते मला नंतर कळलं. वीस मिनिटांनी मांडीवर खणखणाट झाला आणि मी दचकून ओरडले, "आले आले! अर्धा लिटर जास्त ठेवा!"

मला वाटलं, दारात दूधवाला आलाय. डोळे उघडले तर समोर देव. आणि शेजारी अक्का. त्यांनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोड्या वेळाने आवाज फुटल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, देव रोज येत नाही. आज आला होता, आणि तू त्याच्याकडे अर्धा लिटर दूध मागितलंस."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचे हे चष्मा न लावता आत आले आणि दाराच्या चौकटीवर आपटले.

तुम्ही आत्ता हसलात. सहज हसलात. मग मी हेच तसंच्या तसं का लिहिलं नाही, असं तुमच्या मनात येईल. कारण आदल्याच आठवड्यात बायकांपुढे बसून मी छान गंभीर चेहरा करून सांगितलं होतं की, प्रार्थनेत ज्याचा डोळा लागतो त्याचं मन देवात नाही, अंथरुणात आहे. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी खाली मान घातली होती. त्या नेहमी पेंगायच्या. आता मीच घोरले, हे चार हजार घरांत कसं सांगणार? झाकणाचा मूर्खपणा सांगता येतो. तव्याने हात पोळल्याचं सांगता येतं. त्यात माझं काय जातं? हसतात आणि वर म्हणतात, किती मोकळी बाई. पण भक्तीत मी कच्ची निघाले, हे मला चार लोकांत चालणार नव्हतं.

आणि गोष्ट तर फार चांगली होती. टाकवत नव्हती. तेव्हा मी लिहिलं, "आमच्या मोठ्या जाऊबाई पहाटे जपाला बसतात." त्यांचा डोळा लागला. त्या घोरल्या. त्या दचकून ओरडल्या. आणि शेजारी बसलेली मी त्यांना म्हणाले, "अहो, आज देव आला होता, आणि तुम्ही त्याच्याकडे अर्धा लिटर दूध मागितलंत."

माझी झोप मी त्यांच्या नावावर टाकली. आणि त्यांचा हजरजबाबीपणा वर माझ्या नावावर घेतला. हिशोबनीस बाई आहे मी. एकही आकडा चुकवला नाही.

नऊ दिवसांत पाचशे ऐंशी टायमर गेले. उरलेले वीस वाटेत खराब झालेल्यांच्या बदली द्यायला लागले. भाऊजींनी दुकान बंद करून सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. त्यांना या अदलाबदलीबद्दल काही ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे बघून आत्ता डोळे मोठे करतायत, म्हणजे आजच कळलं. भाऊजी, आपला काही दोष नाही. आपण बसा.

पुढच्या बैठकीला बायका जमल्या. गल्लीतल्या निम्म्या घरांत ते पत्र गेलेलं. अक्का भजन सांगायला पुढे आल्या तेवढ्यात एकीने मागून आवाज दिला, "अक्का, आधी दूध घ्यायचं का?" आणि सगळ्या खिदळल्या. ज्या म्हाताऱ्या बाईंनी मान खाली घातली होती ना, त्या सर्वांत मोठ्याने हसल्या.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं. मी आता तोंड उघडेन, असं त्यांना वाटलं असावं. एवढी बोलकी बाई मी. आणि मी काय केलं? माझ्या माळेचा एक मणी सैल झालाय का, ते निरखून बघत बसले.

मग त्याच हसल्या. म्हणाल्या, "घ्या की. पण मला अर्धा लिटर पुरे." आणि भजन सुरू केलं. मामंजींसमोर पहिल्या दिवशी जसं पांघरूण घातलं होतं, अगदी तसंच.

घरी आल्यावर भांडी विसळताना एवढंच म्हणाल्या, "तू लिहितेस छान."

त्यापेक्षा झापलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर भांडण वगैरे काही झालं नाही. अबोलाही नाही. पण पुढच्या बैठकीला त्या पुढे न येता मधल्या रांगेत बसल्या, त्याच्या पुढच्या वेळी दारापाशी. मग गुडघे दुखतात म्हणून यायच्या बंद झाल्या. पहाटे मात्र माझ्या शेजारी बसायच्या, डोळे टक्क उघडे ठेवून. चार महिन्यांनी त्यांच्या लेकीला बाळ झालं, लेकीने बोलावलं, त्या गेल्या. त्या गावाला इथून रेल्वेने एक दिवस लागतो. "येते," म्हणाल्या. सात वर्षं होत आली. सगळे म्हणतात, नातवासाठी गेल्या. मीही तसंच म्हणते. नातू आता शाळेत जातो.

आपण विचाराल, बाई, मग माफी का नाही मागितलीस? मागायला बसले होते. पाच वेळा बसले. पण मंडळी, हे हसवायचं काम हाताला फार वाईट सवय लावतं. "ती. अक्कांस, शिरसाष्टांग नमस्कार" लिहायचं, आणि तिसऱ्या ओळीत माझा हात आपोआप काहीतरी गमतीचं लिहायचा. एकदा तर वाचून बघितलं तेव्हा इतकं छान जमलं होतं की माझ्या मनात आलं, याखाली गाळणी विकता येईल. तो कागद मी स्वतःच्या हाताने फाडला. फोन केला तर अक्का विचारायच्या, "सगळे बरे ना?" आणि मी चहाच्या भावावर बोलायला लागायचे.

एक गोष्ट मात्र मी केली. त्यानंतर कुठल्याही पत्रात दुसऱ्याचं हसं केलं नाही. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, मला घ्या की पत्रात. माझं टक्कल घ्या. खप वाढेल." मी नाही म्हणायचे. लोकांनी त्याचं कौतुक केलं. आणि आज त्या कौतुकाची ही चौकट. यात लिहिलंय, मी वाचून दाखवते, "स्वतःला हसण्याचे दुर्मीळ धैर्य आपण सदैव दाखवले." सदैव नाही, मंडळी. ज्यात काही जात नव्हतं, तिथे दाखवलं. जिथे जाणार होतं, तिथे दुसरीला पुढे केलं. तेव्हा ही चौकट मी घेईन, दुकानाचा माल आहे. पण तो शब्द खोडून घेईन. पेन मिळालेलंच आहे.

आता शेवटचं. दीड वर्षापूर्वी कॉम्प्युटरबाई मला म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का? सांगायला नको खरं तर." यादी केली तेव्हा भाऊजींनी घरातल्या सगळ्यांची नावं घातली होती. त्यात अक्कांचंही होतं. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ असते, नको असेल तर इथे दाबा, नाव काढून टाकू. किती तरी लोक दाबतात. टायमरचं पत्र आवडलं नाही म्हणून एका कुटुंबानेसुद्धा दाबलं होतं. अक्कांनी दाबलं नाही. "तुमचं पत्र गेलं की पाच मिनिटांत त्या उघडतात," कॉम्प्युटरबाई म्हणाली. "इथून गेल्यापासून एकही चुकलं नाही. कधी कधी त्याच दिवशी परत उघडतात." मी विचारलं, "आणि टायमरचं?" तिने शोधलं. म्हणाली, "ते एकदाच."

त्या दिवसापासून मी वाढत वाढत अकरा हजारांवर गेलेल्या यादीला लिहीत नव्हते. एकीला लिहीत होते. गाळणीचं, डब्याचं, चिमट्याचं निमित्त. आता डोळ्यांनी साथ सोडली, मनगट धरतं, आणि भाऊजींची लेक हे काम माझ्यापेक्षा नीट करील. पोरी, तुला एकच सांगते. गोष्ट चांगली असली की ती कुणाची आहे, हे विसरायला होतं. तू विसरू नकोस.

दुकानाने असं ठरवलंय की माझं आजचं बोलणं जसंच्या तसं शेवटचं पत्र म्हणून सगळ्या यादीला जाईल. भाऊजींनी मला तसा शब्द दिला आहे. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं मी काय बोलणार, पण शब्द तो शब्द. माझ्या दोन अटी आहेत. वर विषयाची ओळ द्यावी, "टायमरच्या पत्रात घोरत होते ती मी, आणि बोलल्या त्या अक्का." आणि तळाशी कुठलाही माल नको. किंमत नको. सवलत नको. भाऊजी, टायमरसुद्धा नको. गोदामात परत आलेत ते मला दिसलेत.

सगळ्यांचे आभार मानते. पोस्टमास्तर साहेब मघाशी म्हणाले की ई-मेलला तिकीट लागत नाही, म्हणून त्याची किंमत राहिली नाही. साहेब, आपलं म्हणणं मला सात वर्षं पटत आलं आहे. आपण अध्यक्षपद भूषवलंत, ऋणी आहे. पाहुण्यांचे, दुकानाच्या मंडळींचे, पैसे देऊन माझ्या फजित्या वाचणाऱ्या ग्राहकांचे आणि पैसे न देता वाचणाऱ्या मास्तरांचे आभार. आमच्या ह्यांचे आभार, अकरा वर्षं त्यांना दर पंधरवड्याला स्वयंपाक उशिरा मिळाला. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, एखादा विनोद अवेळी झाला असेल, तर माझं शिक्षण बेताचं आहे असं समजून पोटात घालावं.

आता पत्रासाठी दोन ओळी, त्या सभागृहासाठी नाहीत.

अक्का, हे तुम्ही उद्या पाच मिनिटांत उघडाल. दुपारी परत उघडाल की नाही, तेही मला यंत्र सांगेल. त्यापुढचं यंत्राला कळत नाही. बायकांची बैठक अजून भरते. तुमच्या जागेवर आता कोणी नीट गात नाही, मी प्रयत्न केला तर दोन जणी उठून गेल्या. मागच्या बैठकीत हीच गोष्ट मी त्यांना सांगितली, नावं जागच्या जागी लावून. त्या म्हाताऱ्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग अक्कांना कळवलंस का?" म्हणून कळवते आहे. तुमचा राग असेल तर तो लिहा. यायचं नसेल तर तसं लिहा. यायचं असेल तर गाडीचा दिवस लिहा, स्टेशनवर मी येईन, भाऊजींना पाठवणार नाही. एक ओळ पुरेल, कार्डावर लिहिलीत तरी चालेल. उलट टपाली कळवावे.